ताटाकडं पाठ करून

कापूस निघाला की आमच्या इचोड्याच्या रस्त्याला दाढी येते. हसू नका, खरंच सांगते. आदिलाबादच्या मार्केटला निघालेल्या गाड्या ताडपत्री बांधलेली असली तरी फुगून फुगून चाललेल्या असतात, आणि त्यांतला कापूस दोन्ही बाजूंच्या बाभळींना, तारांच्या कुंपणाला अडकून राहतो. दसऱ्यापासून पार संक्रांतीपर्यंत ही पांढरी दाढी. आमच्या हॉटेलाच्या पाटीलाही येते. सकाळी फडक्यानं पुसली तर दुपारी पुन्हा हजर.

यंदा पुसता पुसता हात थांबला. चार वर्षांपूर्वी याच दिवसांत असलीच दाढी मी अमेरिकेतल्या एका रस्त्याला पाहिली होती. त्या रस्त्याच्या कडेला गाडी थांबली होती, आणि माझी पोटुशी लेक माझ्यावर जन्मात ओरडली नव्हती तशी ओरडत होती.

हॉटेल म्हणजे राहायचं हॉटेल नव्हे बरं का. चार टेबलं, आठ बाकडी, सकाळी पोहे-आलूबोंडे, दुपारी जेवण. हैदराबाद-नागपूर रस्त्यावरचे ट्रकवाले हे आमचं गिऱ्हाईक. एक येतो तो ‘अम्मा, भोजनम्’ म्हणत येतो, दुसरा ‘माताजी, रोटी गरम देना’ म्हणतो. शाळा माझी चौथीतच सुटली. वाचायला शिकले ती भजी बांधून द्यायच्या पेपराच्या तुकड्यांवर, त्यामुळं अजूनही मला कुठलीच बातमी पूर्ण माहीत नसते. पण एक विद्या मला पूर्ण येते. उठून गेलेल्या माणसाचं ताट पाहिलं की तो भुकेला होता की नुसता बसायला आला होता, भाजी आवडली की लाजेपायी खाल्ली, घरून भांडून आला का, सगळं कळतं. तीस वर्षं उष्टी ताटं उचलली, एवढं तरी येणारच.

ही विद्या परक्या मुलखात माझ्याच पोरीवर वापरावी लागेल, असं कुठं वाटलं होतं?

वैशाली माझी एकुलती एक. आम्ही वैशू म्हणतो. जावाई प्रशांत जवळच्याच जैनथ गावचे, कास्तकाराघरचे, शिकून तिकडं गेलेले. दवाखान्यांमध्ये कॉम्प्युटर बसवून द्यायचं त्यांचं काम. घर लिटल रॉक नावाच्या गावात, पण काम निघेल तिकडं तीन-तीन आठवडे बिऱ्हाड हलवायचं. वैशूला पाचवा संपत आला तरी ओकाऱ्या थांबेनात, म्हणून मला बोलावून घेतलं. मी जवसाची चटणी, कुरड्या, तिखट, मेतकूट, सगळं बांधून गेले. आणि माझा हात तर होताच.

पहिल्याच दिवशी वरणाला फोडणी दिली. जिरं तडतडलं, आणि वैशू तोंडावर ओढणी धरून न्हाणीघरात पळाली. बाहेर आली तेव्हा चेहरा धुतल्या फडक्यासारखा. “आई, राग नको मानू वं,” म्हणाली. मी कशाला राग मानते? पण खोटं काऊन बोलू, आतून काहीतरी खचलं. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसांना जेवू घालण्यात जन्म गेला, आणि पोटच्या पोरीला माझ्या फोडणीचा वास सहन होईना.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होती, हळू बोलत होती, पण हळू बोलणाऱ्या डॉक्टरची मला जास्त भीती वाटते. वैशूनं मला अर्धंच सांगितलं. बाकीचं जावायांच्या तोंडावर दिसलं. लेकराची वाढ मागं पडून राहिली होती, आणि आईचं वजन चढायचं तर उतरत होतं. दोन आठवडे वाट पाहू. दोन आठवड्यांनी काटा वर गेला नाही, तर भरती करून नळीनं अन्न द्यायचं.

नळीनं! मी वैशूच्या पोटाकडं पाहिलं. एवढंसं तर होतं.

त्यातच श्रीव्हपोर्टचं काम आलं. तिला एकटीला माझ्याजवळ ठेवून जायची जावायांची छाती होईना, कारण मला ना गाडी येत, ना इंग्रजी. मग तिघंही निघालो. राहायची खोली छान, पण चूल नाही. एक पेटी, तिच्यात ताट फिरतं आणि अन्न गरम होतं. म्हणजे आता पोरीचं आणि त्या लेकराचं पोट बाहेरच्या खाण्यावर, आणि गाव असं की तिघांपैकी कोणालाच त्यातला एक रस्ता माहीत नाही.

जावायांची पद्धत फोनची. “मामी, याले शेकडो लोकांनी चांगलं म्हनलं,” असं म्हणून फोनमधल्या चांदण्या दाखवायचे. माझी पद्धत नाकाची. दारातच कळतं, तेल कधीचं आहे ते. आणि वैशूच्या बाबांची पद्धत इचोड्यातून फोनवर. “ट्रका कोठं उभ्या हायेत ते पाय! ट्रकवाला खराब ठिकाणी जेवत नाई!”

मलाही पटलं. एका दुपारी मोठमोठ्या ट्रकांची रांग दिसली तशी मी जावायांना गाडी वळवायला लावली. आत गेलो तर टायरं बदलायचं दुकान. एक धिप्पाड माणूस फडक्याला हात पुसत विचारतो, काय पाहिजे? वैशू कितीतरी दिवसांनी हसली. “सांग आई, एक प्लेट टायर सांग!” त्या हसण्यासाठी मी रोज टायरांच्या दुकानात गेले असते.

त्या दोन आठवड्यांत मी जेवढ्या दारांतून आत गेले, तेवढ्या बाकीच्या जन्मात गेले नसेन. कंबोडियाच्या नवरा-बायकोचं तळलेल्या गोड कड्या विकायचं दुकान होतं. आपल्या बालुशाहीसारखं, पण मधे भोक. पहाटेपासून दोघं तळतात. तेल असं स्वच्छ की मी त्या बाईला हात जोडले, तिनंही जोडले. नदीकाठी तळलेला मासा मिळायचा. रस्त्याच्या कडेला एक म्हातारा मोठ्या गंजात भुईमुगाच्या शेंगा उकडून विकत होता, अगदी आपल्या मिठाच्या पाण्यातल्या. वैशूनं चार सोलल्या, दोन खाल्ल्या. दोन कोणी मोजल्या? मी मोजल्या. तिनं पाहिलं मी मोजताना.

आपल्याकडं म्हणतात, बाईला डोहाळे लागतात. मला वैशूच्या वेळी तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यावर जो वास येतो ना, त्याचे लागले होते. सासूबाई चिडायच्या, “खायाचं माग ना, वास काय मागते!” म्हणून मी वैशूला रोज खोदून खोदून विचारायची. काही तर वाटत असेल? आंबट? खारट? माती? ती म्हणायची, “काहीच नाई वाटत आई.” पोटुशीला काहीच वाटू नये याची मला धास्ती बसली. देवाला म्हणायची, हिला वाट्टेल ते मागू दे, मी जमीन खणून आणीन, पण मागू दे.

मग ते ताट.

त्या दिवशी राजमा-भात होता. तिकडं लाल राजमा शिजवून भातावर घालतात, वर कांद्याची पात. वास सौम्य होता म्हणून मीच ते ठिकाण निवडलं होतं. मी हात धुवून आले तर वैशूचं ताट रिकामं. जावाई एकदम खूष. “मामी, पाहा! पूर्ण संपवलं!” वैशू हसली. मीही हसले, आणि ताटाकडं पाहिलं.

जेवलेल्या ताटाला चमच्याच्या रेघा असतात, त्या जेवणाऱ्याच्या दिशेनं येतात. कडेला चार शितं चिकटलेली असतात. या ताटात एकच रेघ होती, आडवी, कागदानं पुसल्यासारखी. ते जेवलेलं ताट नव्हतं. रिकामं केलेलं होतं.

दोन दिवस मी नुसती तिची पर्स पाहत राहिले. कचऱ्याची पिशवी खाली टाकायला ती स्वतःच जाऊ लागली होती. सहाव्या महिन्यातली बाई, नवरा जवळ बसलेला, आणि कचरा हीच नेते! जावाई म्हणायचे, “बरं वाटून राह्यलं वाटते तिले.” मी मान डोलवायची. तपासणीचा दिवस आठवड्यावर आला होता.

श्रीव्हपोर्टचं काम लवकर आटपलं, एक दिवस घरी जाऊन पुढं जॅक्सन नावाच्या गावाला निघालो. वाटेत लांबच लांब सपाट शेतं लागली आणि मी उठून बसले. कापूस! इथंसुद्धा! वेचणाऱ्या बाया कुठंच नाहीत, नुसती यंत्रं फिरत होती आणि पिवळ्या प्लास्टिकात गुंडाळलेले लोडासारखे गठ्ठे शेतात लोळत होते. आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना ती दाढी. आपल्या रस्त्यावर आल्यासारखं वाटलं आणि माझं तोंड उघडलं.

“वैशू, पर्स उघड.”

“काऊन?”

“उघड म्हणते ना.”

“काय झालं मामी?” जावाई आरशातून पाहत होते.

“तुमी समोर पाहा, जावाईबापू.”

तिनं उघडली. कागदात गुंडाळलेला कालचा अर्धा पाव. सकाळचं उकडलेलं अंडं, सोललेलंसुद्धा नाही. जावायांनी गाडी कडेला घेतली. गाडीचा दिवा तेवढा टिकटिक करत राहिला. मग वैशू दार उघडून उतरली आणि मी तिच्यामागं.

“सात दिवसांनी काट्यावर उभं राहाचं हाये,” मी म्हटलं. “तवा काय पर्स घेऊन उभी राहशीन?”

तिचे ओठ हसायला हलले आणि रडायला फुटले. आणि मग ती ओरडली. “तू माह्या तोंडाकडं पाहून राह्यते आई! घास उचलला का तू पाह्यते, हे पाह्यतात. गिळला का, राह्यला का! माह्या गळ्यालेच कुलूप लागते!”

“मंग सांगाचं ना मले.”

“काय सांगू? तू इतक्या दूरून आली. पहिल्याच दिवशी तुह्या हातचं ओकून टाकलं मी. तुह्या डोळ्यांत पाह्यलं ना तवा, काय झालं ते.”

मी खाली पाहिलं. तिच्या चपलेला कापूस चिकटला होता, माझ्याही. जावाई गाडीजवळ उभे, दोन्ही हात डोक्यावर.

आता ऐका, मला काय लागलं ते. आमच्या हॉटेलात वाढायला जो कोणी येतो, त्याला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवते. गिऱ्हाईक जेवत असलं की त्याच्या ताटात पाहायचं नाही. पाहिलं की माणूस आखडतो, आवडीचं मागत नाही, उरलं तर लाजतो. पाठ करून उभं राहायचं. पण कान ठेवायचा. वाटी खरवडल्याचा आवाज आला की भाजी घेऊन जायचं. ट्रकवाल्यांसाठी तीस वर्षं पाळलेला हा कायदा मी माझ्या लेकीपुढं बसून रोज तीन वेळा मोडत होते.

जॅक्सनला पहिले दोन दिवस असेच गेले. मी खिडकीबाहेर पाहत जेवायची, जावाई फोनमध्ये. वैशू थोडं खायची, थोडं उलटायची. पर्समध्ये मात्र काही जात नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी अडीचला एका बैठ्या घरात शिरलो. बाहेर रंग उडालेली पाटी, आत दुपारची गर्दी ओसरलेली. एक मांसाचा तुकडा आणि तीन भाज्या असं ताट देतात तिथं. मला शलगमाचा पाला आवडला. वैशूनं वास घेतला आणि ताट हळूच दूर सारलं. तपासणीला चार दिवस. मी हात धुवायच्या निमित्तानं उठले, नाहीतर तिच्या तोंडाकडं पाहिलं असतं.

मोरी शोधत गेले, आणि सवयीनं चुलखंडाचं दार ढकललं. आपल्याकडं कोणीही आत डोकावतं, “काय शिजून राह्यलं?” विचारतं. तिथं एकदम एक पुरुषमाणूस ओरडला. मला काही कळेना, मी दोन्ही हात वर केले. पण माझी नजर त्याच्यावर नव्हतीच.

मागं, उलट्या घातलेल्या क्रेटवर, एक काळी, भारदस्त, माझ्याच वयाची बाई बसली होती. पायांतून बूट काढून ठेवलेले. हातात उंच पेला, त्यात लांब चमचा. सगळ्यांचं वाढून झाल्यावर माणूस जसं बसतं ना, पाठ ढिली सोडून, तशी. ते बसणं मी ओळखलं. मीही रोज साडेतीनला तशीच बसते.

वैशू धावत आली. “आई! अवं, तिथं जात नाईत!” मग त्या माणसाची माफी मागत राहिली. ती बाई मात्र चमचा हलवत काहीतरी म्हणाली. वैशूनं कपाळावर हात मारला. “ती विचारते, तुही आई सरकारी तपासणीवाली हाये का?”

“तिले सांग, मीबी हाटेलवालीच हाये. आन् विचार, ती सोता काय खाऊन राह्यली?”

तीस वर्षांच्या धंद्यानंतर मला हे सगळ्यात आधी सुचायला हवं होतं. हॉटेलातलं खरं खाणं पाटीवर कधीच नसतं. ते मागं असतं, करणाऱ्यांच्या वाट्याला.

वैशूनं विचारलं. बाईनं पेला पुढं केला. “मक्याच्या पिठाची भाकर हाये म्हणते, जाडी, भट्टीतली. कालची. कुस्करून थंड ताकात.” वैशूचा आवाज हळू झाला. “मीठ टाकलं थोडं. हे गिऱ्हाइकाले देत नाई म्हणते. हे मागचं.”

वैशू सातवीत होती तेव्हाची गोष्ट. शाळेतून आली, आणि गल्ल्याजवळ बसून वाटीत शिळी ज्वारीची भाकर ताकात कुस्करून खात होती. समोर गिऱ्हाईक. मी वाटी हिसकली होती. “हाटेलवाल्याची पोरगी शिळं खाते, लोक काय म्हनतीन? मागं जाऊन खा!” ती मागं गेली नाही. त्यानंतर तिनं मागितलीच नाही.

आता ती त्या पेल्याकडं पाहत होती. आणि तिचा गळा हलला. भुकेले गळे मी खूप पाहिलेत. मला चूक होणार नाही.

“आई,” ती म्हणाली, “मले तेच वाटून राह्यलं होतं. कधीचं. पण कोठून आणशीन तू.”

त्या बाईनं पोटाकडं पाहिलं, वैशूला काही विचारलं, आणि अनवाणीच उठली. दुसरा पेला घेतला. भाकरीचा तुकडा कुस्करायला लागली तशी मी पाठ फिरवली.

समोर भिंत होती, भिंतीवर एक पांढरा एप्रन टांगलेला. जावाई दारात आले. मी बोटानं खूण केली, वळा. तेही बिचारे वळले. दोघं शाळेत शिक्षा झाल्यासारखे उभे. ती बाई मोठ्यानं हसून काही बोलली. वैशूनं नंतर सांगितलं, “ती म्हणे, तुह्या घरचे भिंतीशी भांडले का?”

मी कान ठेवला. चमचा काचेला लागला. थांबला. पुन्हा लागला. ताकातल्या भाकरीला वास नसतो, वाफ नसते, ती गप्प असते. म्हणूनच जात असेल. चमचा आता लवकर लवकर लागत होता, आणि मग तो आवाज आला. तळ खरवडल्याचा.

माझे पाय आपोआप निघाले होते, वाढायला. पण वळायचं नव्हतं. तोवर मागून ताक ओतल्याचा आवाज आला. त्या बाईनंही कान ठेवला होता.

मग वाट पाहणं. दहा मिनिटं, पंधरा. वैशू क्रेटवर बसलेली, आम्ही भिंतीशी. ओकारी आली नाही.

नंतर रोज अडीचला आम्ही तिथं. ती बाई मागच्या दारानंच घ्यायची. मी तिला जवसाची चटणी दिली. तिनं वास घेतला, ठसकली, आणि डबी एप्रनच्या खिशात घातली, कोणाला दिसू न देता.

आता माझ्याकडंही कोणी विचारलं तर ताक-भाकर देते. वैशूचे बाबा म्हणतात, पाटीवर लिही. पाटीवर नाही लिहीत मी. पण एखादी पोटुशी बाई बसमधून उतरते, टेबलाशी बसते आणि नुसतं पाणी पिते. मग मी तिला मागं नेते, बसवते, आणि बाहेर रस्त्याकडं तोंड करून उभी राहते. बाभळीला दाढी आलेली असते.

चार वर्षांपूर्वीच्या त्या तपासणीच्या दिवशी आम्ही लिटल रॉकला परत आलो होतो. डॉक्टरीणबाईच्या खोलीत काटा कोपऱ्यात होता. वैशूनं चपला काढल्या, पर्स जावायांकडं दिली. जावाई काट्याकडं पाहायला पुढं झाले. मी नाही. मी भिंतीकडं तोंड केलं. काटा कुरकुरला. कागदावर पेन चाललं. डॉक्टरीणबाई काही बोलली, या वेळी जरा मोठ्यानं. मला ती भाषा येत नाही. मी पदराचं टोक घट्ट धरून उभी राहिले.

“आई,” मागून वैशू हसत म्हणाली, “वळ आता.”